आंबट गिळणारी टाकी

मित्रांनो, मी एक जुनी सिमेंटची टाकी आहे. एका रोपवाटिकेच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे आणि तुम्हाला ऐकायचे असो वा नसो, आज मी माझी बाजू मांडणार आहे. माझ्यावर आळ आला होता. मला फोडायला एक माणूस घण घेऊन आला होता. तेव्हाही मी गयावया केली नाही आणि आताही करणार नाही.

मला एका गवंड्याने घडवले. त्याने लोखंडी जाळी गोल वळवून उभी केली, तिला आतून-बाहेरून सिमेंट-वाळूचा गिलावा चढवला आणि थापीने मला इतके घोटले की मुंगीसुद्धा घसरावी. मग मला ओल्या गोणपाटात गुंडाळून रोज दोन वेळा पाणी मारायला सांगितले. हिला तडा गेला तर माझे नाव बदला, असे तो जाताना म्हणाला. सगळे त्याला मिस्त्री म्हणूनच हाक मारत, त्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे ते बदलण्याची वेळ आली नाही. तडाही गेला नाही.

ही रोपवाटिका दोन जावांची. समोर घर, मागे रोपे. थोरली गिऱ्हाईक सांभाळते आणि धाकटी रोपे. आमच्या नळाचे पाणी जड, म्हणजे चुन्याने भरलेले. त्यात साबणाला फेस येत नाही, किटलीच्या बुडाला पांढरी खपली धरते. माझ्याही अंगाला आतून चुन्याचा जाड थर बसला. पण गुलाबाने तक्रार केली नाही, जास्वंदीने केली नाही, अंजीर तर या पाण्यावर चांगले माजले. ऐन उन्हाळ्यात नळ कोरडा पडला की सगळे माझ्याकडे धावायचे. थोरली येता-जाता माझ्या पाठीवर थाप मारायची आणि ही टाकी आहे म्हणून आपण आहोत, असे येईल त्याला सांगायची. ते शब्द मी जपून ठेवले आहेत, कारण पुढे तिनेच ते गिळले.

मग धाकटीने अनंताची रोपे लावली. अनंत म्हणजे पांढऱ्या, सुवासिक फुलांचे झाड, आणि नखरेल. त्याला चुन्याचे पाणी चालत नाही. अशा पाण्यात त्याच्या मुळांना लोह घेता येत नाही आणि पाने पिवळी पडतात, फक्त शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. धाकटीला हे माहीत होते. फांद्या तिने स्वतः खुडल्या, स्वतः रुजवल्या, आणि खतांच्या दुकानातून पाणी आंबट करायचे आम्ल आणले. रोज संध्याकाळी हातमोजे घालून ती माझ्यात ते थोडे-थोडे सोडायची, बांबूने ढवळायची आणि कागदाची एक पट्टी पाण्यात बुडवायची. पाणी अनंताच्या पसंतीचे असले तर पट्टी पिवळसर व्हायची, चुन्याचे असले तर हिरवट निळी. पट्टी पिवळसर झाली की धाकटी समाधानाने घरात जायची. सकाळी तेच पाणी रोपांना मिळायचे.

तरीही पाने पिवळी पडू लागली.

थोरलीने एका सकाळी स्वतः पट्टी बुडवली. ती हिरवट निळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मग तिचा पारा चढला. धाकटी आम्ल टाकतच नाही, नुसती थाप मारते, असे तिने ठरवून टाकले. धाकटी म्हणाली की संध्याकाळी पट्टी पिवळी होती. थोरली म्हणाली की सकाळी ती निळी आहे आणि डोळे मलाही आहेत. एका संध्याकाळी तर थोरली स्टूल टाकून माझ्याशेजारी बसली आणि तिच्या देखत धाकटीने आम्ल घातले. पट्टी पिवळी झाली. सकाळी निळी. यावर शहाण्या माणसाला कोडे पडले असते. थोरलीला संशय आला की धाकटी मागाहून गुपचूप नळ सोडून पाणी पुन्हा चुन्याचे करते.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती गिऱ्हाइकांसमोर म्हणाली. "आणखी एकदा पट्टी निळी आली तर अनंत उपटून टाकेन, आणि तू गल्ल्यावर बस. झाडांना हात लावायचा नाही."

धाकटीचे तोंड उतरले. अनंतापेक्षा तिला हे लागले की सगळ्यांदेखत तिला खोटारडी ठरवले. मला सगळे ठाऊक होते, पण टाकीला विचारतो कोण? मित्रांनो, मी सिमेंटची आहे. सिमेंटमध्ये चुना असतो आणि वर माझ्या अंगावर इतक्या वर्षांच्या नळाचा चुना. आंबट पाणी आले की माझ्या भिंती ते हळूहळू गिळतात आणि बदल्यात चुना सोडतात. संध्याकाळचे पिवळे पाणी सकाळपर्यंत पुन्हा निळे होते. यात माझी लबाडी कसली? मी जशी आहे तशी वागले. मला चुन्याची घडवायची, चुन्याचेच पाणी पाजायचे आणि मग आंबट का टिकत नाही म्हणून माझ्याच आवारात भांडायचे, हा कुठला न्याय?

धाकटी रडत बसणारी नव्हती. त्या दुपारी रागाच्या भरात तिने दिसेल त्यात पट्टी बुडवली. बादलीत, घागरीत, स्वतःच्या चहाच्या कपातसुद्धा. शेवटी तिचा हात प्लास्टिकच्या फवारणीच्या पंपाकडे गेला. त्यात आदल्या संध्याकाळी माझ्यातूनच भरलेले पाणी उरले होते. पट्टी पिवळी आली. धाकटी थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि मग तिने माझ्या आतल्या भिंतीवर नख ओढले. नखात पांढरी भुकटी आली.

तिने थोरलीला बोलावले, पण वाद घातला नाही. संध्याकाळी तिच्या देखत आम्ल घातले, माझ्यातले पाणी प्लास्टिकच्या बादलीत भरले, वर ताट झाकले आणि बादली तुमच्याच खोलीत ठेवा म्हणून सांगितले. थोरलीने ती आपल्या खाटेखाली ठेवली. सकाळी दोघी आल्या. बादलीतली पट्टी पिवळी, माझ्यातली निळी.

थोरलीने दोन्ही पट्ट्या फेकून दिल्या. मग तिने आपला सगळा राग माझ्यावर काढला. हीच अवदसा, हिनेच घरात भांडण लावले, असे म्हणत तिने फोडकाम करणाऱ्या माणसाला बोलावणे धाडले. तो आला, घण खाली ठेवला, माझ्या अंगावर बोटाने टिचकी मारली आणि माल पक्का आहे, वेळ लागेल, असे म्हणाला. मी मनात म्हटले, लावून तर बघ. त्याने पहिला घाव घातला. माझा एक टवका उडाला आणि घणाच्या दांड्याने त्याचा तळवा झिणझिणला.

दुसऱ्या घावाआधी धाकटी मधे येऊन उभी राहिली.

"ताई, टाकी फोडू नका," ती म्हणाली. "मला खोटी टाकीने ठरवलं नाही. तुम्ही ठरवलंत."

घण हवेतच राहिला. तो माणूस एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागला. थोरलीचा चेहरा लाल झाला. तिने त्याला घण खाली ठेवायला सांगितले, चहा घेऊन जा म्हणाली आणि तरातरा घरात निघून गेली. मला वाटले, संपले, आता अबोला.

पण दुपारी रोपवाटिकेत गिऱ्हाइकांची गर्दी असताना ती बाहेर आली. धाकटी वाफ्यात वाकलेली होती. थोरलीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "अनंताच्या पाण्याबद्दल मी हिला इथेच, तुमच्यासमोर बोलले होते. ते चुकीचं होतं. ही रोज आम्ल घालत होती."

धाकटीने मान वर केली नाही. तिचे हात मातीत होते आणि ती बराच वेळ एकच तण उपटत होती.

आता अनंताचे पाणी माझ्याशेजारच्या निळ्या प्लास्टिकच्या पिंपात मुरते. पिंप हलके आहे, वारा आला की डुलते आणि स्वतःला फार शहाणे समजते. समजू दे. माझ्यात साधे नळाचे पाणी असते आणि अंजीर ते आनंदाने पिते. टवका उडालेली जागा कोणी लिंपली नाही आणि मलाही ती लिंपून नको आहे.

मित्रांनो, मला घासा, माझ्यावर झाकण ठेवा, माझ्यात कचरा टाकू नका, एवढे तुमच्याकडून मी हक्काने मागते. पण माझ्याकडून आंबट टिकवून घ्यायला येऊ नका, ते मला जमत नाही आणि मी शिकणारही नाही. आणि तुमच्या पट्टीचा रंग चुकला, तर कोणाला खोटे म्हणण्याआधी पाणी कशात ठेवले होते ते बघा. सगळ्यांदेखत खोटारडी ठरवल्यावर धाकटीचे उतरलेले तोंड मी पाहिले आहे. माझा टवका उडाला तेव्हा मला तेवढे दुखले नव्हते.