मान डोलावली, पण बोलला नाही

"मान डोलावलेली मला टाइप करता येत नाही, मिस्टर नोविकी. तोंडानं बोला," लोरेटा म्हणाली.

दिवाणी दाव्यांतल्या जबान्या टिपण्यात तिची हयात गेली होती. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, दावा कोर्टात उभा राहण्याआधी, वकिलांच्या ऑफिसांत कितीतरी माणसं तिच्यासमोर शपथेवर बोलून गेली. बोललेलं तेवढं लिहायचं. आवंढा, हुंदका, कपाळावरची आठी, सगळं हवेत. आणि पुढे दाव्याचं काय झालं ते कधी कळेल तर शपथ! बाई मुळात भोचक, तिला त्याचीच चुटपुट लागून राहायची.

आजचा दावा जिन्याचा होता. अंधारात पाय चुकून ऑपल गिडन्स या म्हातारीचा खुबा मोडला आणि तिनं घरमालकाला कोर्टात खेचलं. नोविकी त्या इमारतीची झाडलोट, डागडुजी बघायचा आणि मालकाच्याच तळघरात फुकट राहायचा. प्रश्न साधा होता: जिन्यातला दिवा गेलाय हे मालकाला आधीपासून ठाऊक होतं का?

नोविकी होकारार्थी मान डोलावून गप्प झाला होता. म्हातारीच्या वकीलबाई कागदांत डोकं घालून बसलेल्या, त्यांना दिसलंच नाही. मालकाच्या वकिलाला, प्रेस्कॉटला, मात्र लख्ख दिसलं.

"जरा कॉफी घेऊ या का?" तो घाईघाईनं उठला.

"वा रे वा! प्रश्न विचारून झालाय," वकीलबाई कडाडल्या. "आधी उत्तर, मग कॉफी. नियम तुम्हालाही माहीत आहे."

प्रेस्कॉट खाली बसला आणि नोविकीकडे रोखून बघत राहिला. लोरेटाची बोटं यंत्रावर तयार होती. बोल की रे बाबा, तिच्या मनात आलं, आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. डोक्यावरचं छप्पर जायचं त्याचं, आणि उत्सुकता हिला!

"ठाऊक होतं," नोविकी म्हणाला. "मीच दोनदा सांगितलं मालकांना. म्हणाले, बघू उन्हाळ्यात." मग हळूच म्हणाला, "मी स्वतः बसवला असता हो दिवा. हात लावू नकोस म्हणाले."

लोरेटानं सगळं टिपलं.

सगळे उठल्यावर तिनं नेहमीचं विचारलं, "जबानीची प्रत वाचून सही करायला पाठवते. पत्ता तळघराचाच ना?"

"तोच," म्हणत तो दारापर्यंत गेला. तिथून परत आला.

"नको. बहिणीचा लिहा. आडनाव जरा अवघड आहे तिचं."

आणि टोपी हातात धरून तो एकेक अक्षर सांगू लागला.