बाजारपेठेवरच्या एकतीस टिकल्या

एप्रिलमधला मंगळवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. आठवडे बाजारासमोरचा महामार्ग. गजराबाई नावाची बाई बाजारातून निघून पलीकडच्या बाभळींच्या आडोशाला चालली होती. गुजरातकडे जाणाऱ्या टेम्पोने तिला उडवलं. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अपघाताच्या कागदावर लिहिलंय, 'रस्ता ओलांडण्याचे कारण : माहीत नाही.'

मला माहीत आहे. मी नगरपंचायतीच्या सभागृहातला नकाशा बोलतोय. गावाचं नाव सांगत नाही. ते माझ्या माथ्यावर ठळक अक्षरात छापलेलं आहे, पण उच्चारायची लाज वाटते. सातपुड्याच्या पायथ्याचं, नंदुरबार जिल्ह्यातलं गाव आहे, एवढं पुरे.

माझा जन्म नाशिकच्या एका छापखान्यात झाला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, गुळगुळीत चकचकीत कागद. पुढच्या पंचवीस वर्षांचा शहर आराखडा करायचा होता आणि तो लोकांना विचारून करायचा, असं वरून पत्र आलं होतं. त्यासाठी मला शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली टेबलावर पसरलं. नगरपंचायतीचा अभियंता हेमकांत याने माईकवरून सांगितलं, "ज्याला जे हवं, त्या जागेवर स्टिकर लावा. निळा रस्त्याचा, हिरवा दिव्याचा, लाल स्वच्छतागृहाचा."

पुढे पुरुष बसले होते. त्यांनी निळे आणि हिरवे आपापल्या गल्लीत लावले. ते संपले, तेव्हा लालही तिथेच लावून टाकले. काहींनी स्वतःच्या ओट्यासमोर दोन-दोन लावले. बायांची पाळी आली तेव्हा डबा रिकामा होता.

"संपले आता. तोंडी सांगा, मी लिहून घेतो," हेमकांत म्हणाला.

"तोंडी कायको?" मागून आवाज आला. ती सलीमा. बाजारात बांगड्यांचं दुकान मांडते. तिने पेटी उघडली, लाल टिकल्यांची पाकिटं काढली आणि बायांमध्ये वाटली. पहिली टिकली तिने स्वतःच लावली, बाजारपेठेवर. "मैं तो टिकली लगाती नहीं. आज लगाई, वो बी कागज के माथे पे!" बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

मग गजराबाई पुढे आली. डोंगरातल्या काठी गावाकडच्या पाड्यावरून दर मंगळवारी जीपने यायची. आमचूर विकायची, कधी चारोळी. घरी भिली बोलायची, बाजारात अहिराणी.

"माले वाचता येत नही. बजार कोठे शे ते दखाड, मंग मी लावस."

हेमकांत म्हणाला, "मावशी, तुम्ही या गावच्या नाहीत. हा शहराचा आराखडा आहे."

"साहब, तुम कहाँ रहते?" सलीमाने विचारलं.

"नंदुरबारला."

"तो तुम बी लगाओ मत."

मांडव हसला. हेमकांतही हसला, आणि त्याने बोट बाजारपेठेवर ठेवलं. गजराबाईने तिथे टिकली दाबली. बराच वेळ अंगठा उचलला नाही. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "मंगळवारले सकायपाईन मी पानी पेत नही. पिधं तर जाऊ कोठे?"

त्यानंतर टिकल्या पटापट पडत गेल्या. पाड्यांवरच्या बाया, गावातल्या बाया, सगळ्यांनी एकाच जागी लावल्या. सलीमाने मोजल्या. एकतीस. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला. आयुष्यात तेवढाच एक दिवस.

मे महिन्यात जिल्ह्याची बैठक होती. गावाची मागणी तिथे मांडायची होती. मला गुंडाळून नळीत घातलं आणि जीपच्या मागे टाकलं. मेमधली जीप म्हणजे भट्टी. टिकल्यांचा गोंद मुळातच कच्चा होता. उन्हाने तो पाघळला. विश्रामगृहात हेमकांतने मला उघडलं, तेव्हा बाजारपेठ रिकामी होती. टिकल्या नळीच्या तळाशी गोळा झाल्या होत्या. पुरुषांचे स्टिकर जिथल्या तिथे होते. ते छापखान्याचे होते ना.

मी धरून ठेवायला हव्या होत्या. तेवढंच माझं काम होतं.

नगराध्यक्ष चुनीलालभाई चहा घेत होते. हेमकांत म्हणाला, "भाऊ, या बाजारावरच्या टिकल्या. परत लावतो."

"थांब. बाजारनी जागा आपली नही. तठे मागनी करी तर कागद अडकी जाई. तलावनी जागा आपली शे. तठे लाव."

"पण भाऊ, बायांनी बाजारावर लावल्या होत्या."

"टिकली शे ती, झाड नही. जागा बदली तर मरी जाई का?"

हेमकांतने नळी टेबलावर उपडी केली. मग एकेक टिकली उचलून, मागे डिंक लावून त्याने तलावावर लावली. तो एकदा 'पण' म्हणाला होता, हे मी सांगतो. पण लावली, हेही सांगतो. चुनीलालभाईंचा हिशेब वेडगळ नव्हता. जिथे मंजुरी मिळेल तिथे मागायचं, यालाच ते नियोजन म्हणत. पाड्यावरच्या बायांची नावं गावच्या मतदारयादीत नव्हती, हे मात्र ते बोलले नाहीत.

बैठकीत मला उभं केलं. चुनीलालभाई माईकवर शुद्ध मराठीत म्हणाले, "आमच्या भगिनींनी कपाळावरच्या टिकल्या काढून ही मागणी नोंदवली आहे!" टाळ्या झाल्या. टिकल्या पाकिटातल्या होत्या, कपाळावरच्या नव्हत्या. मी ओरडलो नाही. नकाशावर जे असतं ते लोक खरं मानतात, आणि मी मानू दिलं.

मंजुरी आली. तलावाकाठी महिलांचं स्वच्छतागृह बांधलं, फरशीचं, देखणं. बागेच्या कुंपणाच्या आत. बाग संध्याकाळी पाच वाजता उघडते, फिरायला येणाऱ्यांसाठी. पाड्यावर जाणाऱ्या शेवटच्या जीपा बाजारातून चार वाजता सुटतात. आराखड्यात बाजारातल्या बायांच्या मागणीपुढे 'पूर्ण' असा शेरा आहे. मला काचेची चौकट मिळाली.

मग पुढच्या वर्षी एप्रिलमधला तो मंगळवार आला.

अपघातानंतर तिसऱ्या आठवड्यात सलीमा सभागृहात आली. थेट माझ्यासमोर उभी राहिली. हेमकांत फाइल घेऊन चालला होता. तिने त्याला थांबवलं.

"गजरा पाड्यावर है. चढ ऐसा के दो पाँव वाला बी थके. अब वो बाजार कैसे आयेगी?"

"काकी, फार वाईट झालं."

"पुलिस पूछती, रस्ता कायको पार किया. तुमको मालूम नहीं?"

हेमकांतने फाइल काखेत धरली.

"मेरे पाकिट के इकतीस थे. इधर." तिने बोट बाजारपेठेकडे नेलं.

"काकी, काचेला हात लावू नका."

"नहीं लगाती. तुम गिनो."

त्याने पाहिलं. मीही तेव्हा पहिल्यांदा स्वतःकडे नीट पाहिलं. टिकल्या गेल्या होत्या, पण त्यांचा गोंद माझ्या अंगावर राहिला होता, आणि चौकटीत जाण्याआधीच्या धुळीने तो काळा झाला होता. हेमकांतचे ओठ हलत होते. सातपर्यंत मोजलं असेल. मग बाहेरून "हेमकांत!" अशी हाक आली आणि तो गेला.

सलीमाने उरलेले एकटीनेच मोजले, मोठ्याने. मग पेटी उचलून तीही गेली.

आता दर महिन्याला माझ्याखाली सभा भरते. मला टिकल्या सांभाळता आल्या नाहीत, याची लाज घेऊन मी भिंतीवर आहे. नवीन पाहुणे आले की मला दाखवतात. म्हणून त्या पाहुण्यांना सांगतो, तलाव बघून झाला की नजर जरा खाली आणा, महामार्गाच्या कडेला. बाजारपेठेवर एकतीस गोल काळे डाग आहेत. ते कशाचे, याचं उत्तर सभेत अजून कुणी दिलेलं नाही.