चौदा टक्के

मयूरीने वाटी ओव्हनमधून काढून पुन्हा काट्यावर ठेवली. ढिगाच्या मधल्या शंभर ग्रॅम मिरचीची शहाऐंशी ग्रॅम झाली होती, म्हणजे चौदा टक्के पाणी. सुरतच्या लोणचेवाल्याची अट जास्तीत जास्त अकराची होती. शनिवारी त्याला पाचशे किलो तिखट पोचवायचं होतं. तिची पहिलीच ऑर्डर. ढिगाच्या कडेचा नमुना मात्र नऊच भरला. एकाच ढिगात दोन आकडे कसे?

ती पथारीवर आली. नंदुरबारबाहेरचं मिरची वाळवायचं हे मैदान प्रेमचंदकाकांचं, तिच्या वडिलांच्या चुलतभावाचं. शेजारच्या त्यांच्याच गोदामात तिची चक्की बसवली होती. भाडं विचारलं तेव्हा काकांनी ते घ्यायला साफ नकार दिला होता.

नाकाला फडकं बांधून कालीबाई देठ खुडत बसली होती.

"कालीबाई, मन्हा ढिगमा पानी मारेल मिरची कोनी टाकी?"

"काकासनी. सकाळे आठ पोती. मी म्हनं, घरनीच शे."

देठ खुडण्याआधी मिरचीवर पाणी शिंपडायची इथली जुनी पद्धत. मिरची मऊ पडते, फुटत नाही, ठसका लावणारी धस उडत नाही, वजनही राहतं. मयूरीने आपल्यापुरती ती बंद करून बायकांना कोरडीच खुडायला लावली होती. दोन दिवस त्या शिंकत होत्या आणि तिला नावं ठेवत होत्या.

मयूरीने सुरतला फोन लावून खरं ते सांगितलं. पलीकडून लोणचेवाला म्हणाला, "सोमवारपर्यंत थांबतो. एक पोतं जरी ओलं निघालं तरी पुन्हा फोन करू नका."

तेवढ्यात काका आले. मागे हातगाडीवर आणखी दहा पोती.

"वाळवानंच शे ना, बेटा? मंग मन्ही बी टाकी दे. एकच नाव, एकच माल."

"काका, तुमनी मिरची ओली शे. चौदा टक्के."

"तू कॉलेजनी, तू मोज. आजा पानी मारे, बाप मारे, मी बी मारस. आजपावत कोनी माल परत धाडा नही."

"हाऊ सुरतवाला धाडी."

"मंग दुसरा गिऱ्हाईक दखू. तुले जागा फुकट दिनी ते काय परकी म्हनीसन?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. विजेचं मीटर त्यांच्या नावावर, चक्कीचे नटबोल्ट त्यांच्या फरशीत, आणि उद्या नाही म्हटलं तर घरी वडिलांनाच मान खाली घालावी लागणार.

"ही पोती ढिगमा नही जावाव, काका," मयूरी म्हणाली. "सकाळनी आठ बी मी येगळी करस."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, हातगाडीवाल्याला थांबवलं. मग गोदामाला कुलूप घातलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. "बरं. तुन्ही मिरची तू सांभाळ. छप्पर मी सांभाळस." मोटारसायकल सुरू करून ते गेले.

मिरची सोमवारपर्यंत वाळणार होती. पण ती दळायची कुठे, हे मयूरीला माहीत नव्हतं. शहाद्याची गिरणी हळद दळते, तिथे वास लागेल. विसरवाडीची चक्की मिळेल की नाही, नक्की नव्हतं.

"आते काय करवा?" कालीबाईने विचारलं.

मयूरी उकिडवी बसली आणि ओली मिरची हाताने चाचपून एका बाजूला काढू लागली. बोटं चुरचुरायला लागली. ढीग होता तेवढाच दिसत होता.