जहाजाचे साडेतीन

फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी आमच्या बेटाच्या बंदरात पर्यटकांची चार जहाजं लागणार आहेत हे मला तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. आईचं टोरांटोचं विमान गुरुवारी सकाळचं. तिकीट माझ्या भावानं, लुसियसनं, तिकडूनच काढलं होतं, इथे कोणाला न विचारता. त्याला तिकडे जाऊन पंचवीस वर्षं झाली. जहाजांचे दिवस वेगळे आणि आपले दिवस वेगळे, हे तो विसरून गेला आहे.

आईला जाण्याआधी एकच गोष्ट हवी होती. आंस कोरोसोलच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्रस्नान करायचं होतं. ती तिथेच जन्मली. वर्षभरापूर्वी खुब्याचा सांधा बदलला, तेव्हापासून ती समुद्रात उतरली नव्हती. डॉक्टरांनी आता परवानगी दिली होती, आणि गुरुवारपासून समुद्र नव्हता. ती टोरांटोहून परत येणार नाही हे घरात सगळ्यांना कळत होतं.

सोमवारी जाता आलं नाही, मंगळवारीही नाही. उत्तरेकडून मोठ्या लाटा येत होत्या. मी हवामान खात्यात काम करते, लाटांचा इशारा मीच टाइप केला होता. सकाळी लवकर नेणं शक्य नव्हतं, कारण दहापर्यंत आईचा पाय सरळ होत नाही. दहा ते दोन शहरातून खाली जाणारा रस्ता जहाजांच्या बसगाड्यांनी तुंबलेला असतो. संध्याकाळी साडेपाचला फादर घरी येणार होते, आईच्या प्रवासासाठी प्रार्थना म्हणायला, आणि शेजारच्या बाया केक घेऊन. म्हणजे उरली बुधवारची दुपार. जहाजवाले परत गेल्यानंतरची आणि फादर येण्यापूर्वीची.

माझा आतेभाऊ एवरिस्त टॅक्सी चालवतो. जहाजवाल्यांना किनाऱ्यावर नेणं-आणणं हाच त्याचा धंदा. त्याला मी फोन करून विचारलं, आंस कोरोसोलहून शेवटची गाडी कधी निघते. साडेतीनला, तो म्हणाला, त्यानंतर तिथे फक्त खेकडे. मी कागदावर लिहून काढलं: तीन वाजून दहाला घर, पावणेचारला किनारा, साडेचारला परतीला, सव्वापाचला आईच्या अंगावर कोरडे कपडे. भरती-ओहोटी पाहिली, वारा पाहिला. सगळं जुळत होतं.

आई मागच्या सीटवर बसली होती. अंगात जुना निळा सुती झगा, डोक्याला मद्रास कापडाचं फडकं, मांडीवर टॉवेल. आमच्याकडे पोहणं वेगळं आणि समुद्रस्नान वेगळं. पोहतात मुलं आणि पाहुणे. समुद्रस्नानाला माणूस कपड्यानिशी उतरतो, नऊ बुड्या मारतो आणि मग गळ्यापर्यंत पाण्यात गप्प बसून राहतो, अंगातलं जे काही जायचं असेल ते जाईपर्यंत. आईच्या मते तिच्या तीनही बाळंतपणांनंतर तिला उभं केलं ते ह्यानंच. वाटेत ती फक्त एकदा म्हणाली की गाडी हळू चालव, मला बघायचंय.

तीन पंचेचाळीसला आम्ही पोचलो तेव्हा गाड्या लावायच्या जागेत सतरा बस उभ्या होत्या. किनाऱ्यावर वाळू दिसत नव्हती. खुर्च्या, छत्र्या, आणि त्यांच्यात माणसं. एवरिस्त आपल्या व्हॅनला टेकून भाजलेलं कणीस खात उभा होता.

"अगं थेक, एवढ्या लवकर?"

मी म्हटलं, तू साडेतीन म्हणालास.

"हो मग. साडेतीन. जहाजाचे."

जहाजं मायामीची वेळ पाळतात. हिवाळ्यात ती आपल्यापेक्षा एक तास मागे असते. त्यांच्या घड्याळात आत्ता पावणेतीन वाजले होते.

"माझ्या बोटीवरच्या लोकांना मी कोणती वेळ सांगणार? गव्हर्नरची?" तो म्हणाला. "माझ्या बायकोला विचार. जहाजं असली की मी सकाळचा नाश्तासुद्धा तासभर उशिरा मागतो."

तो हसत होता आणि मला त्याच्या हातातलं कणीस हिसकावून फेकून द्यावंसं वाटत होतं. पण रागाचा मोठा भाग माझ्यावरच होता. कार्यालयात आम्ही दर तासाची नोंद ग्रिनिचच्या वेळेत करतो. दिवसाला चोवीस वेळा. वेळ लिहिताना ती कोणाची वेळ आहे हे आधी लिहायचं असतं, हे मी नवीन आलेल्यांना शिकवते. आणि माझ्या आईच्या शेवटच्या दुपारी मी नुसतं "साडेतीन" लिहिलं होतं.

आई गाडीतून उतरली होती. काठी टेकत ती फाटकाकडे निघाली.

फाटक नवं होतं. पूर्वी तिथे नारळाच्या दोन झाडांमधून वाट होती. फाटकावर कालिक्स्त बसला होता, माझ्या आईला लहानपणापासून ओळखणारा, गणवेशात घामेजलेला. त्यानं उठून टोपी काढली. "गुड आफ्टरनून, मा फिलो. कशा आहात?" आईनं त्याची, त्याच्या बायकोची, त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. मग ती म्हणाली की ती समुद्रस्नानाला आली आहे. कालिक्स्तनं टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली, आणि रेडिओवर कोणाला तरी बोलावलं.

आलेल्या मुलीचं नाव कॅरिसा होतं, तिच्या छातीवर तसं लिहिलं होतं. पंचविशीची असेल. तिनं गुड आफ्टरनून म्हटलं नाही. आई थांबली, ते येण्याची वाट पाहत. ते आलं नाही. कॅरिसा माझ्याकडे बघून म्हणाली की आजचा दिवस जहाजाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलाय, पाच वाजता उघडेल.

मी तिला सांगितलं की ह्या बेटावर कुठलाही किनारा कोणी राखून ठेवू शकत नाही, कायद्यानं तो सगळ्यांचा असतो. मी हळू बोलते. मला वाटतं तिला मी विनंती करते आहे असं वाटलं.

"वाळू सगळ्यांचीच आहे, मॅडम," ती म्हणाली. "वाट आमची आहे."

ती हे पहिल्यांदा म्हणत नव्हती. तिला ते पाठ होतं. तिच्याकडून ते कोणीतरी पाठ करून घेतलं होतं, आणि तो माणूस फाटकावर कधी उभा राहणार नव्हता.

मग तिनं सांगितलं की दिवसाचा पास घेता येईल, माणशी पंचेचाळीस अमेरिकन डॉलर, त्यात खुर्ची आणि छत्री. मी घड्याळ पाहिलं. चार वाजायला पाच मिनिटं होती. मी पर्स उघडली.

आईनं काठीचं टोक माझ्या पर्सवर ठेवलं.

"काय करतेस?"

मी म्हटलं, आई, वेळ नाहीये, देऊन टाकू.

"मला खुर्ची नकोय."

"खुर्चीत बसू नकोस. आत तर जाऊ."

"तू समुद्राचे पैसे भरणार?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "एवढं शिकवलं ते ह्यासाठी?"

मला त्या क्षणी तिचाही राग आला. फादर यायला दीड तास होता, उद्या विमान होतं, आणि ती मला तत्त्व शिकवत होती. पण पर्स मी बंद केली.

कालिक्स्तला राहवलं नाही. तो कॅरिसाच्या कानाशी लागला, बराच वेळ. त्यात आमच्या आजोबांचं नाव मला ऐकू आलं. जिथे आता शॉवर आहेत तिथे आजोबांचं घर होतं; जमीन मात्र कधीच त्यांची नव्हती, ती परस्पर विकली गेली. कॅरिसा आत गेली आणि हिरवी पट्टी घेऊन आली, मनगटाला बांधायची. आजींना कर्मचाऱ्यांच्या बाजूनं सोडते, ती म्हणाली, फक्त ही बांधा आणि पाहुण्यांच्या भागात थांबू नका. ती बिचारी खरंच मदत करत होती. पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "स्टाफ".

मी पट्टी घेतली. आईचं मनगट हातात धरलं. ते इतकं बारीक झालं होतं की पट्टी शेवटच्या छिद्रातसुद्धा सैल झाली असती.

"हात सोड," आई म्हणाली. "मी समुद्राच्या नोकरीत नाहीये."

कालिक्स्तनं आपलं स्टूल तिच्यासाठी पुढे सरकवलं. ती फाटकाच्या अगदी बाजूला बसली, टॉवेल मांडीवर, काठी उभी धरून. जातील तेव्हा जाऊ देत त्यांना, ती म्हणाली. मी उन्हात तिच्यामागे उभी राहिले आणि माझ्या अंगाची सावली तिच्यावर पाडत राहिले.

साडेचारला, आपल्या साडेचारला, शिट्टी झाली आणि ते निघाले. शेकड्यांनी. ओले, लाल झालेले, प्लास्टिकचे पेले हातात घेतलेले. वाट अरुंद होती, प्रत्येकाला आईच्या समोरूनच जावं लागत होतं. आई प्रत्येकाला गुड आफ्टरनून म्हणत होती. प्रत्येकाला. आणि उत्तराची वाट पाहत होती. काहींनी हात हलवला. एकानं फोटो काढला, परवानगी न मागता. पुष्कळांना ऐकूच आलं नाही, कारण आपल्याशी कोणी बोलत असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. काही थोडे थांबून नीट बोलले, आणि त्यांच्याकडे आईनं मान लववली.

एक पिकल्या केसांची बाई थांबली. तिचा चेहरा फार मायाळू होता, हे मला मुद्दाम लिहायला हवं. तिनं पाकिटातून नोट काढली, चौकोनी घडी केली, आईच्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवली आणि आईच्या खांद्याला हात लावून पुढे गेली.

मला काही दिसेनासं झालं. माझ्या तोंडातून शब्द निघाला तो मी ह्याआधी कधी वापरला नव्हता. आईनं मागे न बघता माझा हात दाबला.

"बाई," तिनं हाक मारली, स्वच्छ इंग्रजीत. "अहो बाई, तुमचं काहीतरी पडलं इथे."

बाई वळली. आईनं नोट दोन बोटांत धरून पुढे केली होती. ती बाई परत आली, नोट घेतली, आणि तिचा चेहरा मानेपासून वरपर्यंत लाल झाला. ती काहीतरी बोलू पाहत होती.

"गुड आफ्टरनून," आई म्हणाली.

"गुड आफ्टरनून," बाई म्हणाली.

शेवटची बस गेली तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती. एवरिस्त जाताना खिडकीतून काही म्हणाला, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझा फोन वाजत होता. शेजारीण होती, फादर लवकर आले होते. आईनं फोन घेतला आणि सांगितलं की त्यांना केक द्या. मग ती उठली.

वाळू उष्ट्या पेल्यांनी भरली होती. तिच्या काखेत हात घालून मी तिला पाण्यापर्यंत नेलं. गुडघ्यापर्यंत पाणी आल्यावर तिनं काठी माझ्याकडे दिली आणि मला परत पाठवलं. निळा झगा फुगला, मग भिजून अंगाला चिकटला. ती हळूहळू खाली गेली. पहिली बुडी.

तिसऱ्या बुडीला मागे यंत्राचा आवाज आला. वाळू विंचरायचा ट्रॅक्टर. उद्याच्या जहाजांसाठी संध्याकाळीच ते पाण्याच्या कडेपासून सगळं साफ करतात. चालवत कालिक्स्त होता, आणि बाजूनं कॅरिसा चालत येत होती, हातानं बाजूला व्हायची खूण करत. दात वाळूत घालून ट्रॅक्टर सरळ आमच्या ओळीत येत होता, आई जिथून बाहेर पडणार तिथे.

मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले.

आजवर मी कोणाच्या वाटेत उभी राहिले नव्हते. ट्रॅक्टर चार फुटांवर थांबला. कालिक्स्तनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावरून समुद्राकडे पाहिलं, आणि किल्ली फिरवली. आवाज बंद झाला. तो खाली उतरला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली.

कॅरिसा म्हणाली की साडेपाचला साफसफाईसाठी किनारा बंद होतो, तिच्यावर येईल. तिचा आवाज आता पाठ केलेला नव्हता. मी म्हटलं, येऊ दे. तुझ्यावर आलं तर माझं नाव सांग, स्पेलिंग लिहून देते.

"किती वेळ लागेल त्यांना?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

माझा फोन पुन्हा वाजू लागला आणि मी तो वाजू दिला. मागे पाण्याचा आवाज झाला, मग श्वास सोडल्याचा. मी वळून पाहिलं. आईच्या बुड्या संपल्या होत्या. फडकं निसटून गेलं होतं, पांढरे केस कपाळाला चिकटले होते. तिनं निघायला हवं होतं. पण तिनं पाठ आमच्याकडे केली आणि गळ्यापर्यंत पाण्यात खाली बसली.