अंड्यांसाठी रडलेली बाई

"हॉस्पिटलचं नको, मिसेस स्कोग्लंड. अंड्यांबद्दल बोला. अंडी, दूध, किराणा," प्रेस्टन म्हणाला.

पिठात घोळलेला मासा व्हर्नाच्या हातात तसाच राहिला. शुक्रवारची दुपार. संध्याकाळी माजी सैनिकांच्या या हॉलात अख्खं गाव तळलेले मासे खायला लोटणार, आणि अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या सिनेटरच्या प्रचाराची सूत्रं हलवायला वॉशिंग्टनहून आलेलं हे पोरगं तिच्याच स्वयंपाकघरात उभं राहून तिला बोलायला शिकवत होतं!

"परवा फोनवर काय म्हणालास? सिनेटरसाहेबांना मनातलं सांगा, म्हणालास ना?"

"सांगाच. पण काठावरच्या, मत अजून न ठरलेल्या बायका किराण्याच्या भावावर हलतात, असं आमची पाहणी म्हणते. हॉस्पिटल म्हटलं की मिल्वॉकी शहराकडच्या लोकांना वाटतं, झालं, कर वाढणार. इथं एक मत मिळवून तिथं दोन घालवायची का? विस्कॉन्सिन गेलं की अध्यक्षपद गेलं. सगळा देश तुमच्यावर अडलाय."

"चार वर्षांतून एकदा अडतो. आमचं अडतं तेव्हा इकडे कुत्रंही फिरकत नाही."

गावातल्या हॉस्पिटलानं बाळंतपणाचा विभाग परवडत नाही म्हणून बंद केला होता. जानेवारीत व्हर्नाच्या मुलीला, ब्रिटाला, अवेळी कळा सुरू झाल्या. पुढचं हॉस्पिटल तासाभरावर, वर बर्फाचं वादळ. गाडी व्हर्नाच चालवत होती. नातू रस्त्यातच जन्मला आणि रस्त्यातच गेला. एमिल. त्यानंतर ब्रिटानं त्याचा विषय कधी काढला नाही. सिनेटरला हे सांगायचं व्हर्नानं ठरवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सांग, आई. पण धड सांग. माझी शोभा नको व्हायला."

संध्याकाळी सिनेटर आले. गाड्यांचा ताफा, काळे चष्मे, कॅमेरे. नेहमीची गिऱ्हाइकं बाहेर थंडीत कुडकुडत ठेवली. सिनेटरांनी माशाचा एक घास खाल्ला, तोही कॅमेऱ्याकडे बघत, आणि व्हर्नासमोर बसून विचारलं, "किराणा परवडतो का हो हल्ली?"

"किराणा गेला खड्ड्यात, साहेब," व्हर्ना म्हणाली. आणि तिनं सांगितलं. बर्फ, रस्ता, मागच्या सीटवरचा ब्रिटाचा आवाज, मग तोही थांबला ते. दफनाच्या वेळी न रडलेली बाई तिथं ढसाढसा रडली. सिनेटरांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांचेही डोळे भरले होते. "मी हे विसरणार नाही," ते म्हणाले. व्हर्नाला ते खरं वाटलं. मूर्ख बाई!

पुढच्या रविवारी मायलेकी टीव्हीवर फुटबॉलचा सामना बघत होत्या. मध्येच जाहिरात लागली. पडदाभर व्हर्नाचा चेहरा, डोळ्यांतून धारा. तिचा एक शब्दही नाही. वर कुणा बाईचा गोड आवाज: "विस्कॉन्सिनच्या आज्यांना आज अंडी घेतानाही रडू येतं." शेवटी सिनेटर स्वतः हजर, नियमच आहे तसा. "या जाहिरातीला माझी मान्यता आहे."

सामना सुरू झाला, पुन्हा थांबला, पुन्हा तीच जाहिरात. कुठंही झुकू शकणारं काठावरचं राज्य ना, दुसरं काही दाखवतात कुठे!

व्हर्नानं प्रेस्टनला फोन लावला.

"मिसेस स्कोग्लंड! अहो, जाहिरात तुफान चाललीय! मी आता पेनसिल्व्हेनियात आहे, इथंही लावतोय."

"हरामखोरा, माझ्या नातवाचं मढं अंड्यांच्या भावानं विकलंस तू!"

"तुमच्या भावना मी समजू शकतो, पण जिंकलो नाही तर हॉस्पिटल तरी कोण उघडणार?"

व्हर्नानं फोन भिंतीवर आपटला.

शुक्रवारी हॉल नेहमीसारखा भरला. गावाला सगळं ठाऊक होतं, जाहिरातीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण दारालगतच्या टेबलावर शेजारच्या इलिनॉयहून तलावावर सुट्टीला आलेली चौकडी बसली होती. त्यांतल्या टोपीवाल्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटल्या सरकवणारी व्हर्ना ओळखली.

"अहो, टीव्हीवरच्या तुम्हीच ना? मोटेलात बघावं तेव्हा तुम्हीच! दोन अंड्यांसाठी एवढं रडतात होय? थांबा, उद्या डझनभर पाठवतो!"

त्याचे दोस्त खो खो हसले. गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. व्हर्नाच्या मस्तकात तिडीक गेली. चिमटा हातात घेऊन ती बाहेर यायला निघालीच होती.

टेबलांवर वाढत फिरणारी ब्रिटा तिच्या आधी पोचली. तिनं हातातली ताटली टोपीवाल्यासमोर ठेवली, पावाचा तुकडा नीट सरकवला.

"ती माझी आई आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्या हॉलाला ऐकू गेलं. "माझ्या मुलासाठी रडत होती ती. एमिल नाव त्याचं. रस्त्यात गेला."

माणसानं टोपी काढली. ती कुठं ठेवावी हे त्याला सुचेना.

"लिंबू हवंय?" ब्रिटानं विचारलं.

व्हर्ना खिडकीशी उभी होती. आत कढईत मासे करपायला लागले, तरी तिला तिथून हलवेना.