ट्रक उशिरा वळतो

"हे बघ, आता दाबलं," ईश्वरप्पा म्हणाले आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यांनी बाणाची कळ दाबली. संगणकाच्या पडद्यावरचा ट्रक क्षणभर सरळच गेला, मग झटके खात वळला आणि कठड्याला घासला. "मी वेळंवर दाबलं की न्हाय, सांग."

वैष्णवीला सांगता येईना. आधी बोट अडखळलं की ट्रक?

"अवो, मशीनला कशाला नावं ठेवताय?" शिलाई मशीनवर टॉवेलची किनार दुमडता दुमडता गुरम्मा म्हणाली. "हातच तुमचा ढिला हाय."

आयुष्यभर हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक ड्रायव्हरी करून ईश्वरप्पा अर्धांगाच्या झटक्यानं घरी बसले होते. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे मालक सिद्धलिंगप्पा यांनी निरोप धाडला होता, पाण्याचा टँकर चालवाल का, आजच कळवा. डॉक्टरांनी हरकत घेतली नव्हती. ईश्वरप्पांची मात्र आपल्या हाताबद्दल खात्री होत नव्हती. म्हणून ते सकाळपासून संगणकावरच्या खेळात ट्रक हाकत होते.

संगणक त्यांच्या मुलीनं, वैष्णवीनंच दिवाळीत जुळवून दिला होता, अप्पांच्या बोटांना व्यायाम म्हणून. तेव्हा ट्रक पाण्यासारखा वाहत होता. पुण्याला प्रयोगशाळेत ती दिवसभर मोजमापंच करते. तिनं पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा चालू केला. दर सेकंदाला किती चित्रं उमटतात ते तो दाखवतो. आकडा बाराच्या आसपास होता.

"साठ यायला पाहिजेत. अप्पा, मशीन ढिलंच आहे."

"ऐकलंस?" ईश्वरप्पांनी बायकोकडं पाहिलं.

"व्हय, ऐकलं. पोरगी तुमचीच की."

पण का ढिलं? वैष्णवीला आता दुसरं काही सुचेना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं तिनं ठरवलं. मागं चालू असलेलं सगळं बंद केलं. आकडा हलला नाही. मग गुरम्मानं शिवलेली जाड खोळ काढून तिनं संगणकाचा डबा उघडला. आतल्या पंख्यावर टॉवेलच्या कापसाचा पांढरा थर बसला होता.

"अय्यो! हितं बी गेला व्हय?" गुरम्मा म्हणाली.

रंगाच्या ब्रशनं कापूस काढला. डबा गार पडला, पण आकडा तिथंच. तापणं हा एक दोष होता, पण ती शोधत होती तो नव्हता.

ट्रक चालू ठेवूनच वैष्णवीनं चित्रं काढणाऱ्या कार्डाच्या पाठीवर बोट टेकवलं. ते गार होतं. इतकं काम करणारी वस्तू गार कशी? ती डब्याच्या मागं वाकली. पडद्याची वायर वरच्या जागेत खोचलेली होती. खालची, कार्डाची जागा रिकामी.

"अव्वा, ही वायर काढली होतीस?"

शिलाई मशीन थांबलं. "खोळ चढवताना काढली की. भोक एकच ठेवलं बग, दोन ठिवली की कापड उसवतंय. खालचं तोंड खोळीत झाकत हुतं. वर तसलंच तोंड दिसलं, तितं लावली. बसली. चित्र बी आलं!"

वैष्णवीला हसू आवरेना. "चित्र येतं गं. पण खरं काम करणारं कार्ड नुसतं बसून राहतं."

"म्हंजी ड्रायवर मागं झोपलाय," ईश्वरप्पा म्हणाले, "आन क्लीनर गाडी हाणतोय."

वायर खाली आली. आकडा साठवर गेला. रस्त्याकडेची झाडं सुळसुळत मागं जाऊ लागली. ईश्वरप्पा पुढं सरकून बसले. वळण आलं. कळ दाबताक्षणी ट्रक वळला आणि कठड्याला घासला. त्यांनी पुन्हा केलं. मग आणखी एकदा.

आता सगळं स्वच्छ दिसत होतं. वळणाआधी त्यांचे डोळे बारीक होत, खांदा तयार होई. बोट त्यानंतर येई.

मग गुरम्मा हळूच म्हणाली, "वैष्णवी, ती वायर वरच घाल गं. तितंच बरं हुतं."

"नगं," ईश्वरप्पा म्हणाले. "हाय तितंच ऱ्हाऊ दे."

त्यांनी डाव्या हातानं फोन लावला. "मालक, टँकरला दुसरा मानूस बगा... न्हाय, तब्येत लई बरी हाय. हात उशिरा येतोय. तुमच्या रस्त्याला सायकली असत्यात."

फोन ठेवून ते पुन्हा खुर्चीत सावरून बसले. गुरम्मानं शिलाई मशीन चालू केलं नाही. ती उठून त्यांच्या मागं येऊन उभी राहिली.

"ह्यो कुटला रस्ता म्हनायचा?"

"परदेशातला. टोल न्हाय, पोलीस न्हाय."

त्यांनी ट्रक कडेच्या लेनमध्ये घेतला. मागच्या गाड्या एकेक करून पुढं निघून गेल्या. वळण अजून बरंच लांब होतं. ईश्वरप्पांनी आत्तापासूनच वेग कमी करायला घेतला.