मानेतली कळ

अलेक्झांड्रियात मोहर्रम बे भागात शाकिर शाळेची छोटी बस चालवायचा. त्याचं डोकं दुखायचं. कवटीच्या तळाशी कळ उठायची आणि चढत चढत उजव्या डोळ्यावर येऊन ठाण मांडायची. घरात त्याने चकार शब्द काढला नव्हता. थोरला भाऊ सामेह असाच डोकं धरून बसायचा. एका दुपारी तो जेवता जेवता ताटावर कोसळला तो उठलाच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तेव्हापासून डोकं दुखलं की शाकिरला सामेहचं ताट आठवायचं. मान वळवली की दुखणं हटकून उठे, म्हणून तो मान वळवायचंच टाळू लागला. बस मागे घेताना नुसत्या आरशांवर भागवू लागला.

एका सकाळी शाळेच्या फाटकापाशी बस मागे घेताना चाकाखाली काहीतरी मऊ चेपलं. मुलं किंचाळली. ब्रेक दाबून शाकिर खाली उतरला. चाकाखाली दप्तर होतं. दप्तराची मालकीण बाजूला वाकून बुटाची नाडी बांधत होती.

"शाकिरकाका, माझा डबा," ती रडवेली होऊन म्हणाली.

त्याने मेहुण्याला बोलावून बसची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि घरी येऊन बायकोला, नागलाला, सगळं सांगून टाकलं.

"इतके महिने मला सांगितलं नाहीस?" नागला म्हणाली. "मी काय शेजारीण आहे?"

तिने त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कॅन झालं. मेंदूत काही नाही, दुखणं मानेतलं दिसतंय, असं डॉक्टर म्हणाले.

"मेंदूत काही नाही हे मी लग्नापासून सांगतेय," नागला बाहेर आल्यावर म्हणाली. शाकिर हसला नाही. डॉक्टर आणि नागला मिळून आपल्यापासून काहीतरी लपवताहेत, असंच त्याला वाटत राहिलं.

डॉक्टरांनी त्याला इंजी नावाच्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने आधी खोदून खोदून विचारलं. चक्कर येते का, एकाचे दोन दिसतात का, बोलताना जीभ अडखळते का. एकेका प्रश्नाला शाकिर नाही, नाही म्हणत गेला.

"डॉक्टर, हे सगळं मला होणार आहे का?"

"तसं काही असतं तर मी मानेला हात न लावता तुम्हाला परत पाठवलं असतं. म्हणून विचारतेय."

"आमच्या गल्लीतला न्हावी दाढी झाली की मान कडकन मोडतो. तसं करणार असाल तर मी हा निघालो."

"मी काही मोडणार नाही. नको वाटलं की हात वर करा, मी थांबेन."

तो तपासणीच्या टेबलावर उताणा पडला. तिची बोटं कवटीखाली सरकत सरकत उजवीकडे एका जागी थांबली आणि दाबली गेली. डोळ्यावर तीच ओळखीची कळ उठली. शाकिरने झटकन हात वर केला. इंजी थांबली.

"तीच," तो म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "सामेहवाली."

"तुमच्या भावाचं मला माहीत नाही, उस्ताद. पण माझं बोट मानेवर आहे आणि दुखतंय कपाळात. हे दुखणं मानेच्या वरच्या सांध्यातून येतंय, ते डोळ्यावर जाणवतं. पुन्हा दाबू? या वेळी धरून ठेवते, कमी होतं का बघा."

त्याने डोळे मिटले. कळ पुन्हा आली, थांबली, आणि मग ओसरू लागली. उताण्या पडलेल्या शाकिरच्या डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळलं. इंजीने कापूस पुढे केला.

नंतर कित्येक आठवडे तो जात राहिला. हलके हलके सांधे मोकळे करणं, मानेचे व्यायाम, हनुवटी आत ओढून धरणं. तो घरी व्यायाम करू लागला की नागला त्याला 'कासव' म्हणायची. मान वळू लागली, ठणका विरळ झाला. इंजीने होकार दिल्यावरच त्याने बस पुन्हा हातात घेतली. तरी गाडी मागे घ्यायच्या आधी तो उतरून एक फेरी मारायचाच, पालकांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

भीती मात्र समूळ गेली नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी मासे तळता तळता डोळ्यावर कळ आली आणि त्याने शेगडी बंद केली.

"नागला, इकडे ये. जरा माझ्याजवळ बस," त्याने हाक मारली.

ती ओल्या हातांनी येऊन बसली. त्याने हनुवटी आत ओढली, श्वास सोडला आणि कळ उतरायची वाट पाहत राहिला.